अमेरिकन सहकाऱ्याला जर्मन माणूस कसा समजावून सांगू?

कराडकर_परदेशी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबला आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा कराडचा. नऊ वर्षं अमेरिकेत, ओहायोमध्ये सिनसिनाटीजवळ काढली. आता चार वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला आहे. कंपनी तीच, कामही तेच, गाड्यांच्या सुट्या भागांच्या चाचण्या. फरक एवढाच की आधी मी तिकडे बसून इकडच्यांच्या नावाने खडे फोडायचो, आता इकडे बसून तिकडच्यांच्या नावाने फुटणारे खडे मोजतो.

तर झालंय असं. सिनसिनाटीचा माझा जुना सहकारी दोन वर्षांसाठी इथे येतोय, बायको आणि दोन मुलांना घेऊन. अमेरिकेबाहेर तो आयुष्यात एकदाच गेलाय, तेही मेक्सिकोच्या समुद्रकिनारी. त्याची मेल आली, "तू दोन्हीकडे राहिलायस. जर्मन लोक खरंच तसे असतात का, ते मला दोन पानांत लिहून दे." 'तसे' म्हणजे कसे ते त्याने लिहिलं नाही. लिहायची गरजच नाही, नऊ वर्षं त्याच्याबरोबर डबा खाल्लाय मी. तसे म्हणजे उद्धट, घुम्मे, नियमावर बोट ठेवणारे. आणि तो येणार हे इथल्या कँटीनमध्ये कळलं तेव्हा एकजण सूप ढवळत म्हणाला, "म्हणजे आता दोन वर्षं सगळं 'सुपर' असणार." इकडच्यांच्या लेखी अमेरिकन म्हणजे मोठ्यांदा बोलणारा, येईल त्या गोष्टीला छान म्हणणारा आणि पुढच्या महिन्यात तुमचं नाव विसरणारा.

दोन पानं लिहायला बसलो आणि अडलो. जे वाक्य लिहितो ते ठोकळेबाज वाटतं. खोडायला जातो तर ते खरं असल्याचं आठवतं.

शेजाऱ्यांचंच घ्या. ओहायोत सामानाचा ट्रक अजून रिकामा व्हायचा होता तेवढ्यात शेजारी केळ्याचा केक घेऊन हजर. "काहीही लागलं, रात्री दोन वाजता लागलं, तरी दार वाजवा." सात वर्षं त्या घरात राहिलो. त्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन, त्याचा पगार, त्याच्या घटस्फोटाची पूर्ण कहाणी मला गॅरेजसमोर उभ्या उभ्या कळली. पण त्याच्या घराचा उंबरा मी सात वर्षांत एकदाही ओलांडला नाही.

स्टुटगार्टला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात कुणी फिरकलं नाही. मग बायकोनेच बेसनाचे लाडू केले आणि आम्ही खालच्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवली. ऐंशीच्या आसपासच्या असतील. त्यांनी ताटली घेतली, आभार मानले, दार लावलं. झालं. तिसऱ्या आठवड्यात आमच्या दाराला चिठ्ठी. सुबक अक्षर, खाली सही. आशय असा: तुमच्या पाळीत तुम्ही जिना पुसलात, परंतु जिन्यातल्या खिडकीची कड राहिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या भागात 'केरवोखं' नावाची पद्धत आहे, झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना, तळघराची वाट, फुटपाथ झाडायचा, बर्फ पडला तर तोही काढायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. याचं मूळ सांगतात १४९२ च्या स्टुटगार्टच्या नगरनियमांत. म्हणजे कोलंबस ज्या वर्षी तिकडे जाऊन धडकला त्याच वर्षी इकडे माणसं पाळी लावून घाण काढत होती. ही गोष्ट मी सहकाऱ्याला सांगितली तर तो हसेल. माझ्या टीमच्या जर्मन लीडला सांगितली तर त्याने विचारलं, "मग?"

आता पुढचं ऐका. दुसऱ्या हिवाळ्यात बायको आणि मुलगी भारतात गेल्या होत्या आणि माझी कंबर धरली. स्लिप डिस्क. बाथरूमपर्यंत जायचं तर भिंत धरून. दोन दिवस टपालपेटी उघडली नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी आजी दारात. काही विचारलं नाही, बघितलं आणि खाली गेल्या. अकरा दिवस रोज दुपारी साडेबाराला मसुराची उसळ म्हणावी असं काहीतरी आणि त्यांच्याकडच्या त्या शेवयांसारख्या जाड स्पेट्झलं. अकरा दिवस तेच. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "जिना मी पुसला. पाळी तुमची होती." मी माफी मागायला लागलो तर हात झटकला. बरा झाल्यावर ताटल्या परत करायला गेलो तेव्हा मला आत बसवलं, आणि म्हणाल्या की यापुढे मला 'अहो' म्हणू नकोस, 'अगं' म्हण. इथे हे वयाने मोठ्या माणसानेच सांगायचं असतं. दीड वर्ष लागलं त्याला. ओहायोचा शेजारी पहिल्या मिनिटाला पहिल्या नावावर आला होता.

ऑफिसातलं तर याहून गमतीचं. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका इंजिनिअरने तिकडच्या एकाच्या चाचणी-अहवालावर लाल अक्षरांत एकच शब्द लिहून पाठवला: चूक. आकडा खरंच चुकला होता. पण तिकडचा माणूस दोन आठवडे फोनवर बोलेना. त्याच सुमारास तिकडच्या मॅनेजरने इथल्या आराखड्यावर लिहिलं, "सुरुवात फारच सुंदर! दोन-तीन विचार सुचले, वेळ मिळाला तर बघा." इथल्यांनी वाचलं, खूश झाले, आणि काहीही केलं नाही. फारच सुंदर आहे म्हणतोय ना? ते 'दोन-तीन विचार' म्हणजे सगळं मोडून नव्याने करा असा निरोप होता हे कळायला सहा आठवडे गेले. तेव्हापासून दोन्हीकडच्या नाजूक मेल आधी माझ्याकडे येतात. मी इकडच्या मेलमध्ये साखर घालतो आणि तिकडच्या मेलमधली काढतो. पगार इंजिनिअरचा, काम हलवायाचं.

तर प्रश्न असा: या माणसाला नेमकं काय लिहू, की तो घाबरणारही नाही आणि पहिल्या महिन्यात रडकुंडीलाही येणार नाही? दोन्हीकडे राहिलेल्यांनी जरूर लिहा. आणि पुणेरी पाट्यांचा विनोद कृपया कुणी करू नका, चार वर्षांत मी तो दोनशे वेळा ऐकलाय.

---

चहाटळ

पुणेरी पाट्या.

---

कराडकर_परदेशी

अपेक्षित होतं.

---

ऑस्टिनची_वहिनी

धागा आवडला, पण अमेरिकनांवर अन्याय होतोय. ती केळ्याच्या केकची गोष्ट तुम्ही अशी सांगितलीत की जणू केक खोटा होता. खाल्लात ना?

मी सतरा वर्षं टेक्सासमध्ये आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फ पडून इथली वीजव्यवस्था कोलमडली ते आठवत असेल. आमच्या घरात तीन दिवस वीज नाही, नळ गोठलेले, सासूबाई भारतातून आलेल्या, वय बहात्तर. समोरच्या घरातली मंडळी. त्यांच्याशी इतक्या वर्षांत "हाऊ आर यू" आणि "गुड, यू?" यापलीकडे माझं बोलणं नाही. तो माणूस टॉर्च घेऊन घरोघर फिरत आला, आमच्याकडे गॅसची शेकोटी आहे, चला म्हणाला. आम्ही पाचजण त्यांच्या दिवाणखान्यात तीन रात्री झोपलो. सासूबाईंना त्यांच्या कुत्र्याची भीती वाटते हे कळल्यावर कुत्रा गॅरेजमध्ये. पुढच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आपापसांत यादी केली आणि तीन आठवडे रोज एका घरून जेवण आलं. निम्म्या पदार्थांत चीज होतं, असो.

आणि "हाऊ आर यू" खोटं, असं युरोपवाले उठता-बसता म्हणतात त्याचा मला फार राग येतो. आपण रस्त्यात कुणाला "काय म्हणता?" विचारतो तेव्हा तो काय म्हणतो ते खरंच ऐकायचं असतं का? "चाललंय" म्हणायचं आणि पुढे जायचं. "जेवलात का?" विचारणाऱ्याला तुम्ही भाजी कोणती ते सांगत बसता?

हॉटेलातलं हसू हा वेगळा विषय आहे. तिथे हसणं हाच पगार आहे. टिप मिळणाऱ्या नोकराला ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालतात हा केंद्रीय कायद्यातला आकडा १९९१ पासून हललेला नाही, आणि टेक्सासमध्ये तोच लागू आहे. बाकीचे ग्राहकाच्या खिशातून यायचे. तुमच्या जर्मन वेट्रेसला पगार मालक देतो, म्हणून ती तोंड वाकडं करू शकते. यात स्वभावाचा भाग किती आणि हिशेबाचा किती, ते तुम्हीच ठरवा.

---

समुद्रसपाटीखाली

नेदरलँड्स, आइंडहोवन. अकरा वर्षं. त्याआधी दोन वर्षं मिनेसोटा.

पहिलं म्हणजे त्या सहकाऱ्याला सांगा की 'युरोपियन' नावाचा माणूस कुठे भेटत नाही. आमच्याकडचे डच लोक म्हणतात जर्मन माणूस फार औपचारिक, फार आडवळणाने बोलतो. हो, तुमचे तेच जर्मन! इथे मिटिंगमध्ये नवा पोरगा बॉसला सगळ्यांदेखत सांगतो की तुमची कल्पना चालणार नाही, आणि बॉस म्हणतो "बरं, का?" आमच्या म्युनिकच्या ऑफिसात हे झालं तेव्हा तिकडचे लोक खाली बघायला लागले. म्हणजे अमेरिकनाला जर्मन फटकळ, जर्मनाला डच फटकळ. आणि आमचे बेल्जियमचे सहकारी, इथून अर्ध्या तासावरचे, डचच बोलणारे, तर डच येतायत म्हटलं की आधी श्वास घेतात.

अमेरिकेतही हेच. न्यूयॉर्कच्या माणसाला मिनेसोटात कुणी सरळ नाही म्हणेल का? तिथे नाहीला "दॅट्स डिफरंट" म्हणतात. मला ते कळायला एक अख्खा हिवाळा लागला.

इथला एक प्रसंग सांगतो. पहिल्या वर्षी शेजाऱ्याच्या वाढदिवसाला बोलावणं आलं. खुर्च्या गोलात मांडलेल्या. आत गेल्यावर ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करायचंच, पण त्याच्या बायकोचं, आईचं, मेव्हण्याचंही करायचं. "मेव्हण्याच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन" असं. मग गोलात बसायचं, कॉफी आणि केकचा एक तुकडा. एकच. साडेपाच वाजता सगळे उठले, कारण सहाला ज्याने त्याने आपापल्या घरी जेवायचं. मी आणि बायको उपाशी गेलो होतो. वाटेत कबाब खाल्ले.

---

चहाटळ

कराडकर, जर्मनीत चार वर्षं राहून सौनाचा उल्लेख नाही? संशय येतोय.

---

जुन्या_पुस्तकांतला_किडा

मी कुठेच गेलो नाही. सांगलीत असतो, निवृत्त आहे, वाचतो. पण धाग्यात सिनसिनाटी दिसलं म्हणून लिहितो.

युरोपियनांनी अमेरिकनांना नावं ठेवण्याचा जो जुना कारखाना आहे, त्याचं एक मोठं यंत्र तुमच्या गावातच बसवलेलं होतं. फ्रान्सिस ट्रोलप ही इंग्रज बाई १८२८ ते १८३० सिनसिनाटीत राहिली, तिथे धंदा काढला, तो बुडाला, आणि परत जाऊन १८३२ मध्ये तिने अमेरिकनांच्या रीतिभातीवर पुस्तक लिहिलं. तंबाखू थुंकतात, घाईघाईने मुकाट जेवतात, रस्त्यात डुकरं मोकाट. पुस्तक इंग्लंडात तुफान खपलं, अमेरिकेत लोक चिडले. धंदा बुडालेल्या माणसाने लिहिलेलं गावाचं वर्णन किती खरं मानायचं हा प्रश्न तेव्हाही होता.

आणि आपल्या भाषेतही या विषयावर एक साक्षीदार आहे, ती कुणाला आठवत नाही याचं वाईट वाटतं. पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि परत फिरायच्या ऐवजी १८८८ पर्यंत अमेरिकेतच राहिल्या. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक काढलं. दोन्हीकडे राहिलेल्यांनी लिहा असं धागाकर्ते म्हणतात ना, त्या दोन्हीकडे राहिलेल्या होत्या. इंग्लंडात काय झालं? चेल्टनहॅमला त्या शिकत आणि शिकवत होत्या, तर त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशप लोकांनी आक्षेप घेतला. अमेरिकेत काय झालं? गावोगाव व्याख्यानं झाली, आणि १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचा असं ठरलं. मुंबईत शारदा सदन १८८९ मध्ये सुरू झालं ते त्या पैशावर.

अमेरिकनांचा उत्साह दोन दिवसांचा असतो म्हणणाऱ्यांनी ही दहा वर्षं मोजावीत. अर्थात रमाबाई भाबड्या नव्हत्या. काळ्या लोकांना तिथे कसं वागवतात तेही त्यांनी लिहून ठेवलंय.

---

कोपनहेगनकरीण

मुलं आहेत म्हणालात म्हणून. सगळ्यात मोठा धक्का त्याच्या बायकोला बसणार आहे, ऑफिसात बसणाऱ्या त्याला नाही.

१९९७ मध्ये एक डॅनिश आई न्यूयॉर्कला गेली होती. तिने बाळाची गाडी रेस्टॉरंटच्या बाहेर फुटपाथवर ठेवली आणि स्वतः आत काचेजवळ बसली. पोलीस आले, तिला अटक झाली, बाळ काही दिवस सरकारी ताब्यात. इथे डेन्मार्कमध्ये लोकांना कळेचना की गुन्हा काय झाला. आजही माझ्या ऑफिसखालच्या कॅफेबाहेर जानेवारीत तीन-तीन बाळं गाड्यांत झोपलेली असतात, नाक लाल, आया आत कॉफी पितायत. थंड हवेत झोप चांगली लागते म्हणतात. माझी आई आली होती तेव्हा ती एका अनोळखी बाळाजवळ पाऊण तास पहारा देत उभी राहिली.

जर्मनीत पहिलीतली मुलं एकटी चालत शाळेत जातात. अमेरिकेत पिवळी बस थांबली की दोन्ही बाजूच्या गाड्या थांबतात. दोघांचंही मुलांवर प्रेमच आहे. पण त्या बाईला सहा वर्षांचा मुलगा एकटा सोडायला सांगाल तर ती पहिल्याच आठवड्यात विमानाचं तिकीट बघेल. तिला आधी सांगून ठेवा.

---

मानसशास्त्र_शिकवते

कुर्ट लेविन हे नाव या धाग्यात यायला हवं. जर्मन ज्यू मानसशास्त्रज्ञ, १९३३ मध्ये नाझींमुळे अमेरिकेला गेला, आणि १९३६ मध्ये त्याने नेमका हाच विषय घेऊन निबंध लिहिला. माणसाभोवती एकात एक कडी आहेत असं समजा. अमेरिकनाची बाहेरची बरीच कडी कुणालाही उघडी, अगदी आतलं एक मात्र बंद. जर्मनाचं कुंपण बाहेरच्या बाजूलाच लागतं, पण ते ओलांडलं की पुढे फारसे अडथळे नाहीत. घटस्फोटाची कहाणी गॅरेजसमोर आणि उंबरा बंद, हे त्यात तंतोतंत बसतं.

पुढे लोकांनी याचे पीच आणि नारळ केले. वर्गात मी आंबा आणि नारळ म्हणते. आंब्यात दात सहज जातात, मग कोय लागते. नारळ आधी फोडावा लागतो.

---

ऑस्टिनची_वहिनी

कोय लागते म्हणून आंब्याला नावं ठेवणारा कोकणात अजून भेटला नाही मला.

---

कराडकर_परदेशी

सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

वहिनी, चूक मान्य. केक खाल्ला, आणि रेसिपी मागायलाही मी कधी त्याच्या दारात गेलो नाही. तो म्हणाला होता रात्री दोन वाजता दार वाजवा. मी सात वर्षांत दिवसाही वाजवलं नाही, कारण मी ते बोलणं तोंडदेखलं धरून चाललो. तुमच्या समोरचा माणूस टॉर्च घेऊन आला तसा तो आलाही असता. मला तशी वेळ आली नाही, आणि माझ्या बाजूने मी केव्हा त्याला घरात बोलावलं? दिवाळीला सगळे मराठीच असायचे. हे मी आजवर कधी असं बघितलं नव्हतं.

किडा साहेब, ट्रोलपबाईंचं माहीत नव्हतं. तुमच्यासाठी गावातलीच एक भर: सिनसिनाटीत 'ओव्हर द ऱ्हाइन' नावाची जुनी वस्ती आहे. जर्मन लोक इतके आले होते की शहरातल्या कालव्यालाच लोक ऱ्हाइन म्हणायला लागले, आणि त्यापलीकडची ती वस्ती. पहिल्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध हवा तापली तेव्हा १९१८ मध्ये रस्त्यांची नावं बदलली. जर्मन स्ट्रीटचा झाला इंग्लिश स्ट्रीट, ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट. मी तिथे जेवायला जायचो. माझ्या या सहकाऱ्याचं आडनाव चक्क जर्मन आहे, पणजोबा तिकडून आलेले. जर्मन लोक उद्धट असतात असं तो म्हणतो तेव्हा मी त्याच्या आडनावाकडे बघतो.

वॉलमार्टचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या दोन पानांत ते येणार आहे. १९९७ मध्ये ते इथे शिरले आणि २००६ मध्ये दुकानं विकून गेले. कारणं पुष्कळ, स्वस्त जर्मन दुकानांशी झुंज हे मोठं. पण आमच्या कँटीनमध्ये अजून ज्या गोष्टी हसत सांगतात त्या दुसऱ्याच आहेत: दारात उभं राहून हसून स्वागत करणारा माणूस आणि सामान पिशवीत भरून देणारा माणूस. इथल्या गिऱ्हाइकाला वाटलं, हा अनोळखी माझ्याकडे बघून का हसतोय आणि माझ्या अंड्यांना हात का लावतोय. शिवाय सहकाऱ्यांनी आपापसांत प्रेम करू नये असा नियम त्यांनी आणला, तो २००५ मध्ये वुपर्टालच्या कामगार न्यायालयाने उडवून लावला.

उलटही सांगितलं पाहिजे. जर्मन नियमवेडा आणि अमेरिकन मोकळाढाकळा, ही जी समजूत आहे ती घरमालक संघाची पत्रं ज्याला आली नाहीत त्याची आहे. ओहायोत आमच्या वसाहतीचा संघ गवत किती इंच वाढलं ते मोजायचा. कचऱ्याची बादली रस्त्यावरून दिसली म्हणून मला पत्र आलं होतं, मागे दंडाचा तक्ता जोडून. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. पत्र कुणी पाठवलं ते कधीच कळत नाही, तक्रार कुणी केली तेही नाही. सकाळी सगळे हसून हात हलवतात, आणि त्यातल्याच कुणीतरी बादलीचा फोटो काढलेला असतो. आजींच्या चिठ्ठीखाली निदान सही होती. मला आता चिठ्ठीच बरी वाटते. बायकोला पत्र बरं वाटायचं, कारण पत्र जिन्यात भेटत नाही.

स्तुतीबद्दलही लिहिणार आहे. इथल्या श्वाबियन लोकांची म्हण आहे, बोली अक्षरात लिहितो: "नेट गशिम्फ्ट इश गनुग ग्लोब्ट." शिव्या घातल्या नाहीत ना, मग झालं की कौतुक. माझ्या वडिलांना जर्मन येत नव्हतं, पण ते याच म्हणीवर जगले. दहावीला ८७ टक्के पडले तेव्हा म्हणाले, "गणितात काय झालं?" त्यामुळे लीडने पहिल्या वर्षी "वाईट नाही" म्हटलं तेव्हा मला अजिबात लागलं नाही, उलट घरी आल्यासारखं वाटलं. पण ज्याला बालवाडीपासून 'ऑसम' ऐकायची सवय आहे त्याचं काय? त्याला मी सरळ कोष्टक करून देणार: 'वाईट नाही' म्हणजे उत्तम. 'चालेल' म्हणजे चांगलं. काहीच म्हटलं नाही म्हणजे ठीक चाललंय. 'चूक' म्हणजे फक्त चूक, तू वाईट असं नव्हे. संध्याकाळी तोच माणूस तुझ्याबरोबर बिअर प्यायला येईल आणि त्याच्या लक्षातही नसेल.

सुट्टीचं थोडक्यात. इथे आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा कायद्यानेच आहे, आमच्याकडे ३० आहे. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने शून्य, मालक देईल ती. मी ओहायोत आजारपण धरून पंधरा दिवसांत भागवायचो. ऑगस्टमध्ये तीन आठवडे माणूस गायब आणि मेलला उत्तर नाही, हे आळशीपणाचं लक्षण नव्हे, आणि अमेरिकन माणूस दवाखान्यातून मेल लिहितो तेव्हा त्याला कामाची फार हौस आहे असंही नव्हे.

चहाटळ, सौना. बरं. टीमची सहल होती, ब्लॅक फॉरेस्टमधलं गरम पाण्याचं ठिकाण. मी रीतसर नवी चड्डी घेऊन गेलो. दारावर चित्र होतं, चड्डीवर फुली. आत माझा लीड, अकाउंट्सच्या दोन बाई, आणि ज्यांना मी चार वर्षं 'अहो' म्हणतो ते विभागप्रमुख. सगळे टॉवेल अंथरून बसलेले आणि डिझेलच्या भावावर गंभीर चर्चा. मी काय केलं? चष्मा काढून ठेवला. उणे साडेपाच नंबर आहे. त्यानंतर मला कुणीच नीट दिसलं नाही, त्यामुळे मीही कुणाला दिसत नसेन असं समजून बारा मिनिटं काढली. सहकाऱ्याला याबद्दल लिहावं की तो आपला आपण शिकेल, यावर अजून ठरत नाहीये.

---

चहाटळ

अजिबात लिहू नका. फोटो मात्र... नको, फोटोही नको.

---

समुद्रसपाटीखाली

कोष्टक झकास. एक सुधारणा, 'इंटरेसांट'ही टाका. जर्मन म्हणतो तेव्हा त्याला खरंच रस असू शकतो. मिनेसोटावाला म्हणतो तेव्हा विषय संपला.

---

हायडेलबर्गची_मावशी

तुम्ही सगळे आंबे आणि नारळ फोडत बसलाय. त्याला पहिलं हे लिहा की भाड्याचं घर मिळेल त्यात स्वयंपाकघर नसेल. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, भिंतीतून दोन नळकांडी आणि छतातून वायर लोंबत असेल. आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन उचकटून घेऊन जातो, दिव्यांसकट. आम्ही २००९ मध्ये आलो तेव्हा सात आठवडे बाथरूममध्ये भांडी घासलीत. आणि तिकडचा मिक्सर, टोस्टर आणू नकोस म्हणावं, तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०.

---

कराडकर_परदेशी

अरे देवा. मावशी, त्याची बायको घराचे फोटो मागतेय आणि मी कालच तिला लिहिलं, "किचन तुमच्या मनासारखं करता येईल."